मिनिटमेन (अमेरिकन रॉक बँड)

मिनिटमेन हा कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रोचा तिघांचा बँड, १९८० ते १९८५ एवढाच काळ चालला. डी. बून गिटार आणि गाणं, माईक वॉट बेस (चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार), जॉर्ज हर्ली ड्रम्स. पंक, म्हणजे साधं, वेगवान, बंडखोर रॉक, म्हणून यांची नोंद होते पण ऐकायला बसलं की फंक, जॅझ, फोक, सगळंच सापडतं, आणि तेही बऱ्याचदा एका मिनिटाच्या आत.

सॅन पेद्रो म्हणजे लॉस एंजेलिसचं बंदर, गोदी कामगार आणि मच्छीमारांची वस्ती, हॉलिवूडपासून सगळ्याच अर्थाने लांब. बून आणि वॉट तेरा वर्षांचे असताना तिथल्या पेक पार्कमध्ये भेटले, बूनने झाडावरून खाली उडी मारली ती वॉटच्या समोरच. पोरं रस्त्यावर भटकत बसू नयेत म्हणून बूनच्या आईने दोघांना वाद्यं वाजवायला लावली, आणि वॉटला बेस म्हणजे वेगळं वाद्य असतं हेच माहीत नव्हतं, तो बरेच दिवस गिटारलाच चार तारा लावून वाजवायचा. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल आणि ब्लू ऑयस्टर कल्टची गाणी वाजवत दोघं मोठे झाले. मग पंक आलं आणि आपली स्वतःची गाणी आपणच लिहायची असतात हे यांच्या डोक्यात शिरलं, इंग्लंडच्या वायर बँडच्या छोट्या छोट्या गाण्यांचाही मोठा परिणाम झाला. आधी रिअ‍ॅक्शनरीज नावाचा बँड होता, तो मोडल्यावर मिनिटमेन उभा राहिला.

आता आवाजाबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. बहुतेक रॉकमध्ये गिटार सगळी जागा व्यापून बसते आणि बेस कुठेतरी खाली दबून जातो. बूनने मुद्दाम गिटारचा खालचा जाड आवाज काढून टाकला, फक्त वरचा पातळ, किरकिरा, धारदार ट्रेबल ठेवला, म्हणजे खालची सगळी जागा वॉटच्या बेसला मोकळी आणि मधून हर्लीचे ड्रम्स सतत धावतायत. हा त्यांच्यासाठी राजकीय विचार होता, तिघांचा वाटा सारखा, कोणी कोणाचा साथीदार नाही. बून डाव्या विचारांचा आणि गाण्यांतून व्हिएतनाम, मध्य अमेरिका, कामगारांची पिळवणूक हे सगळं यायचंच, पण माझ्या मते त्यांचं राजकारण शब्दांपेक्षाही या वाटणीत जास्त ऐकू येतं. हेडफोन लावून ऐकलं तर तिन्ही वाद्यं वेगवेगळी धरून ऐकता येतात, एकही दुसऱ्यावर चढत नाही.

गाणी छोटी कारण धृवपद दोनदा कशाला, सोलो लांबवायचा कशाला, सांगून झालं की थांबायचं. १९८० च्या पहिल्या रेकॉर्डवर, पॅरानॉइड टाईमवर, सात गाणी सात मिनिटांच्या आत संपतात. १९८१ च्या द पंच लाईनवर अठरा गाणी, साधारण पंधरा मिनिटांत.

पैशाचंही तेच. 'इकॉनो' हा त्यांचा परवलीचा शब्द, म्हणजे काटकसरीत सगळं करायचं. मध्यरात्रीनंतर स्टुडिओ स्वस्त मिळतो तेव्हा रेकॉर्डिंग, टेपही वापरलेली, दौऱ्यावर स्वतःच व्हॅन चालवायची, स्वतःच सामान उचलायचं. वॉटच्या हिशोबाने जगात दोनच गोष्टी, एक लाईव्ह शो आणि दुसरं म्हणजे त्या शोची जाहिरात, रेकॉर्डसुद्धा जाहिरातच. त्यामुळे स्वतंत्र राहणं ही त्यांची मजबुरी नव्हती, कामाची पद्धतच ती होती. रेकॉर्ड्स ब्लॅक फ्लॅग बँडच्या ग्रेग गिनच्या एसएसटी कंपनीतून निघायच्या.

१९८४ चा डबल निकल्स ऑन द डाईम हा त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम. एका अल्बमपुरती गाणी जवळपास तयार होती, तेवढ्यात एसएसटीवरच्याच हुस्कर डू बँडने डबल अल्बम, म्हणजे दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा, केल्याचं कळलं आणि यांनी परत बसून अजून गाणी लिहिली, एकूण चाळीसच्या वर झाली. खर्च सुमारे ११०० डॉलर. तिघांनी एकेक बाजू स्वतः गाणी निवडून लावली आणि उरलेली चौथ्या बाजूवर टाकली. कव्हरवर वॉट हायवेवर बरोबर ताशी ५५ मैलांनी गाडी चालवतोय, कायद्याच्या मर्यादेत, कारण धाडस गाडीच्या वेगात नाही तर संगीतात दाखवायचं. हिस्ट्री लेसन – पार्ट टू हे त्यातलं संथ गाणं, दोन मित्रांच्या बँडची गोष्ट, माझ्यासाठी अख्ख्या अमेरिकन पंकमधलं सगळ्यात प्रेमळ गाणं तेच. करोना हे गाणं मात्र पुढे जॅकअ‍ॅस या टीव्ही शोचं शीर्षकसंगीत म्हणून जगभर पोचलं, मेक्सिकोतली गरिबी पाहून लिहिलेलं आहे हे ती धून ओळखणाऱ्या कितीतरी जणांना माहीतच नसतं.

१९८५ च्या प्रोजेक्ट: मर्श या रेकॉर्डवर त्यांनी मुद्दाम लांब गाणी, ट्रम्पेट, बाजारू थाट करून बघितला, मला तो त्यांच्या बाकी कामापुढे फिकाच वाटतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडबरोबर दौरा झाला आणि २२ डिसेंबरला अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात डी. बून गेला, वय २७. बँड तिथेच संपला. वॉट आणि हर्लीने ओहायोहून आलेल्या एड क्रॉफर्ड या चाहत्याला घेऊन १९८६ मध्ये फायरहोज हा बँड काढला, तो १९९४ पर्यंत चालला. वॉट अजूनही आपल्या रेकॉर्ड्स डी. बूनला अर्पण करतो.