एक बेट, दोन चुली

वेडी बाभूळ मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. काटेरी, चिवट, तोडली की बुंध्यापासून पुन्हा फुटणारी, आणि कोळशाला उत्तम. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीमध्ये याच झाडाला बायाहोंड म्हणतात. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या कितीतरी शेगड्या त्याच्या कोळशावर पेटतात. भट्टी आपल्याकडच्यासारखीच: फांद्यांची रास, वर गवत, गवतावर माती, आणि आत काही दिवस नुसतं धुमसणं. हवा तोकडी पडली की लाकूड भडकत नाही. पाणी आणि वायू निघून जातात, मागे उरतो तो बहुतांश कार्बन. वजनाला हलका, धूर कमी, म्हणून शहरात खपतो. पण लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता भट्टीतच उडून गेलेली असते.

हैती ज्या हिस्पॅनिओला बेटावर आहे, त्याचा पूर्वेकडचा मोठा भाग डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा. सीमेचा उपग्रहातून घेतलेला एक फोटो फार फिरतो: इकडे तपकिरी हैती, तिकडे हिरवेगार शेजारी. ‘हैतीत दोनच टक्के जंगल उरलंय’ हे वाक्यही त्याच्यासोबत फिरतं. फोटो खरा, पण एवढ्याशा पट्ट्याचा. मूळचं, कधीच न तोडलेलं जंगल हैतीत जवळपास संपलं आहे, यात शंका नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून सगळा झाडोरा मोजला, तेव्हा मात्र दोन टक्क्यांच्या कितीतरी पट झाडं सापडली. त्यात परसातले आंबे आले, कॉफीवर सावली धरणारी झाडं आली आणि बायाहोंडही आलं.

मुळात दोघांच्या वाटणीला सारखं काही आलंच नव्हतं. इथला बराचसा पाऊस ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे आणतात आणि मध्ये ३,००० मीटरहून उंच डोंगर उभे आहेत. महाबळेश्वर उतरून फलटणकडे गेलेल्याला पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही. तिथे फक्त दिशा उलटी, कोरडा भाग पश्चिमेला. त्यात हैतीची जमीन बहुतेक उताराची. झाड गेलं की मातीही गेली.

आणि मग इतिहास. १६९७ च्या तहात स्पेनने पश्चिमेचा तुकडा फ्रान्सला सोडला. फ्रेंचांनी तिथे सुमारे पाच लाख गुलामांच्या पाठीवर ऊस आणि कॉफी पिकवून जगातल्या सगळ्यात श्रीमंत वसाहतींपैकी एक उभी केली. १७९१ मध्ये गुलामांनी बंड केलं आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने बंदरासमोर युद्धनौका उभ्या करून मान्यतेची किंमत मागितली: १५ कोटी फ्रँक, पुढे ती ९ कोटींवर आली. माजी गुलामांनी माजी मालकांना भरपाई द्यायची! त्यासाठी काढलेल्या कर्जाचा फेरा १९४७ पर्यंत सुटला नाही. पूर्वेकडच्यांना या कहाणीचं फारसं कौतुक नाही, कारण १८२२ ते १८४४ त्यांच्यावर हैतीचंच राज्य होतं. डॉमिनिकन लोक स्वातंत्र्यदिन साजरा करतात तो स्पेनपासून नव्हे, हैतीपासून सुटल्याचा. १९३७ मध्ये डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्याने सीमाभागातल्या हजारो हैतीयनांची कत्तल केली.

तरीही १९६० च्या सुमारास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. आज डॉमिनिकन माणसामागे ते वर्षाला १०,००० डॉलरच्या वर आहे, हैतीच्या कित्येक पट. पर्यटन, करसवलतीच्या मुक्त क्षेत्रांतले कारखाने, सोन्याची खाण ही कारणं नेहमी सांगितली जातात, आणि ती आहेतच. मला मात्र चूल जास्त बोलकी वाटते. १९६७ मध्ये डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष बालागेर यांनी लाकूडतोड बंद केली आणि जंगलं सैन्याच्या ताब्यात दिली. पद्धत दांडगाईची होती, पण नुसत्या बंदुकीने जंगल वाचत नाही. स्वयंपाक तर रोजच करायचा असतो. पुढे सरकारने गॅस स्वस्त केला आणि तिथल्या स्वयंपाकघरातून कोळसा हळूहळू गेला. गॅसवर पैसे ओतायचे तर तिजोरीत पैसे हवेत, आणि पाच वर्षं टिकणारं सरकारही. हैतीकडे यातलं काहीच सलग राहिलं नाही. गंमत म्हणजे डॉमिनिकन जंगलातला चोरटा कोळसा आज सीमा ओलांडून हैतीच्या शेगड्यांतच जातो.

सीमेवर डॉमिनिकन बाजूला दाहाबोन नावाचं गाव आहे. दर सोमवारी आणि शुक्रवारी पूल उघडतो आणि पलीकडच्या वानामँतच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन येतात. येताना जुने कपडे, परदेशी तांदूळ. जाताना अंडी, केळी, पीठ. डॉमिनिकन शेतकऱ्याला एवढं जवळचं गिऱ्हाईक दुसरं नाही. पुलाखालच्या नदीचं नाव मसाकर, म्हणजे कत्तल. हे नाव १९३७ च्या आधीपासूनचं आहे.

याच नदीतून हैतीच्या शेतकऱ्यांनी कालवा खणायला घेतला, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये डॉमिनिकन सरकारने सगळी सीमा बंद केली. बाजार बसला, दाहाबोनच्या व्यापाऱ्यांचा माल पडून राहिला. ऑक्टोबरमध्ये सरकारने व्यापारापुरतं दार किलकिलं केलं. पण वानामँतच्या लोकांनी आपल्या बाजूचं फाटक लावूनच ठेवलं, आणि कालव्यावर फावडी चालूच राहिली.