मोबाइल फोनवापराचे धोके

मोबाइल फोनच्या वापरामुळे शरीराला होऊ शकणारे अपाय आणि संभवणारे अपघात. सार्वजनिक चर्चा बहुधा फोनमधून निघणाऱ्या रेडिओ तरंगांभोवतीच फिरते. सर्वांत भक्कम पुरावा मात्र वापरणाऱ्याचे लक्ष विचलित होण्याच्या धोक्याबाबत आहे.

फोन आणि मनोरा यांच्यात संदेश वाहून नेणारे रेडिओ तरंगांचे प्रारण (तरंगरूपाने पसरणारी ऊर्जा) अनायनीकारी असते, म्हणजे क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढून डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. (त्याला सर्रास ‘किरणोत्सर्ग’ म्हटले जाते, तो शब्द खरे तर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा असून येथे विनाकारण भीती वाढवतो.) या प्रारणाचा निर्विवाद परिणाम म्हणजे ऊतक (शरीरातील पेशींचा समूह) किंचित तापणे. त्यामुळे शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवरच मर्यादा घातली जाते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ती १ ग्रॅम ऊतकावरील सरासरीने दर किलोग्रॅमला १.६ वॅट इतकी आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या तरंगांचा समावेश ‘२ ब’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, या गटात केला. हे वर्गीकरण पुरावा किती सबळ आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते नव्हे. बातम्यांत हा फरक राहून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात फोनवापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

वाहन चालवताना होणाऱ्या फोनवापराबाबत चित्र निराळे आहे. टोरंटोतील अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांची फोनबिले तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट असल्याचे दिसले. हात मोकळे ठेवणारी उपकरणेही अधिक सुरक्षित ठरली नाहीत, कारण अडचण हाताची नसून अवधानाची असते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ नुसार वाहन चालवताना हातातील फोन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. कायद्याचा रोख मात्र हातातील फोनवरच आहे. वाहनाबाहेरही अवधान सुटते : २०१६ च्या आरंभी वांद्र्याच्या समुद्रकिनारी सेल्फी घेताना झालेल्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी शहरातील धोक्याची ठिकाणे निश्चित केली.

झोपण्यापूर्वीच्या वापराने झोप लागण्यास उशीर होतो. त्यात पडद्याच्या प्रकाशाचा वाटा किती आणि मजकुरात गुंतलेल्या मनाचा किती, याविषयी मतभेद आहेत. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांना फोन त्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवण्यास सांगितले जाते. लिथियम-आयन बॅटरीत अंतर्गत लघुमंडल (शॉर्ट सर्किट) झाल्यास ती पेट घेऊ शकते. याच कारणाने २०१६ मध्ये सॅमसंगला ‘गॅलक्सी नोट ७’ हा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला.