चार औषधं, चौदा दिवस आणि एक जिवाणू

वरच्या पोटात जळजळ, जेवल्यावर फुगारा, पहाटे रिकाम्या पोटी कळ. गोव्यात यावर घरचा उपाय म्हणजे कोकमाचं आगळ, नाहीतर फार्मसीतली पित्ताची गोळी. गोळीने चार दिवस बरंही वाटतं. पण जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ठाण मांडून बसला असेल, तर अल्सर पुन्हा डोकं वर काढतो. हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी दाखवलं. 2005 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

जठरातल्या आम्लात हा जिवाणू टिकतो कसा? तो युरिया फोडून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. शिवाय राहतो श्लेष्माच्या थराखाली, जिथे औषध धड पोचत नाही. उपचारातलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तर विभागणाऱ्या जिवाणूलाच मारतं आणि आम्लात हा फारसा विभागत नाही. म्हणून उपचारात आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे आम्लरोधक, असते. ती जळजळीसाठी आहे असं समजून 'आता बरं वाटतंय' म्हणत सोडली, की बाकीची औषधं लंगडी पडतात.

क्लॅरिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम, अमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम आणि आम्लरोधक, तिन्ही दिवसातून दोनदा, हा जुना तिहेरी उपचार. आता तो पुष्कळदा फसतो. जिवाणूच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं तरी क्लॅरिथ्रोमायसिन त्याला चिकटत नाही. सर्दी-खोकल्यासाठी सहज घेतलेलं अॅझिथ्रोमायसिन त्याच कुळातलं; आधी घेतलं असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा.

म्हणून चौपदरी उपचार: आम्लरोधक दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चारदा आणि मेट्रोनिडाझोल तीन-चारदा. गोळ्यांचा डोंगरच, आणि तोही चौदा दिवस. नेमकी मात्रा डॉक्टरच ठरवतील.

सकाळी पाव-पातळभाजी खायच्या अर्धा तास आधी आम्लरोधक. जेवणाने आम्लाचे पंप चालू होतात. औषध त्याआधी रक्तात असेल तरच ते बंद पडतात. बाकीच्या गोळ्या खाल्ल्यावर. टेट्रासायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध आणि अँटासिड (जळजळीवरचं नेहमीचं औषध, आम्लरोधक नव्हे) तिच्यापासून दोन तास लांब. कॅल्शियम तिला बांधून ठेवतं. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती देत नाहीत.

बिस्मथमुळे शौच आणि जीभ काळी होते. त्याला घाबरायचं कारण नाही. पण शौच डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त झाली किंवा चक्कर आली, तर तो रक्तस्राव असू शकतो. तडक इस्पितळ गाठा. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. त्यावर फेणी किंवा उर्राकसारखी दारू घेतली तर काहींचा चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. ऐन उर्राकाच्या हंगामात हे पथ्य जड जातं खरं, पण कोर्स संपल्यावरही निदान तीन दिवस ते पाळा.

बरं वाटलं म्हणजे जिवाणू गेला असं नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची. त्याआधी दोन आठवडे आम्लरोधक बंद, नाहीतर दबलेला जिवाणू चाचणीत सापडत नाही. रक्तातली अँटिबॉडी चाचणी इथे उपयोगाची नाही, जिवाणू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. आणि कोर्स फसलाच, तर जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या पुन्हा आणू नका: क्लॅरिथ्रोमायसिन एकदा हरलं की दुसऱ्या फेरीत डॉक्टर ते वगळतात.