सूर्य नारिंगी केला म्हणून तो हायड्रोजन-अल्फा होत नाही

सौरडागांचा बरा फोटो दाखवला की प्रश्न ठरलेला: "भाऊ, ज्वाळा कुठे गेल्या?" एखादा हौशी तर तोच फोटो सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी करतो, कॉन्ट्रास्ट ताणतो आणि खाली ‘एच-अल्फा’, म्हणजे ज्वाळा दाखवणारा हायड्रोजन-अल्फा प्रकाशातला फोटो, असं लिहून मोकळा होतो. जळगावात एका प्रदर्शनात असला फलक मी तासभर सहन केला.

व्हाइट लाइट, म्हणजे सगळ्या रंगांच्या प्रकाशातला सूर्य, तुम्हाला माहीत आहेच. दुर्बिणीच्या तोंडावर सोलर फिल्म, प्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग आत, सगळे रंग जवळपास सारखेच मंद. दिसतो तो दीप्तिगोल, म्हणजे सुमारे 5,500 अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग, आणि त्यावरचे डाग. सोलर फिल्मऐवजी एक्स-रेच्या फिल्मचं नाव काढलंत तर पुढचं बोलणं बंद.

खरी गफलत पुढे आहे. हायड्रोजन-अल्फा म्हणजे 656.28 नॅनोमीटरचा लाल प्रकाश. मग लोकांना वाटतं, लाल काच लावली की झालं. नाही होत. शेवभाजीचा रस्सा आणि वरची तर्री आठवा. तर्री पातळ, रस्सा खोल. दीप्तिगोलावर तसाच वर्णगोलाचा पातळ थर आहे. एरवी खालचा झगझगाट इतका, की तो दिसतच नाही. पण नेमक्या 656.28 वर वर्णगोलातला हायड्रोजन खालून येणारा प्रकाश अडवतो आणि तिथून आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः त्याचा स्वतःचा प्रकाश. ही रेषा जेमतेम 0.1 नॅनोमीटर रुंद. म्हणून सौर एच-अल्फा फिल्टर साधारण 0.07 नॅनोमीटर किंवा त्याहून अरुंद लागतो. फट जरा रुंद झाली की खालचा उजेड आत घुसतो आणि तर्री रश्श्यात बुडते. रश्श्यात लाल रंग ओतला म्हणून तर्री येत नाही, भो!

तेजोमेघांच्या फोटोंसाठी 7 नॅनोमीटरचा फिल्टर मिळतो, त्यावरही ‘एच-अल्फा’च छापलेलं असतं. तो शंभरपट रुंद आहे. सूर्याकडे रोखलात तर वर्णगोल दिसणार नाहीच, वर डोळा किंवा सेन्सर जाईल. नाव एक, कामं दोन. सगळ्यात महागडी चूक हीच.

आता रंग. एकाच तरंगलांबीचा प्रकाश, त्यामुळे बहुतेकजण तो मोनोक्रोम कॅमेऱ्यानेच टिपतात. मूळ फ्रेम राखाडी असते, नारिंगी आपण नंतर चढवतो. कडेवरच्या प्रॉमिनन्स, म्हणजे त्या ज्वाळा, सूर्याच्या तबकडीच्या मानाने फार मंद, म्हणून त्यांना वेगळं, लांब एक्स्पोजर द्यायचं आणि दोन फ्रेम जोडायच्या. काहीजण तबकडी उलटी करतात, काळं पांढरं आणि पांढरं काळं. हे सगळं मला मान्य आहे, मीही जोडतो. फक्त तसं लिहा. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने आदित्य-एल1 या भारतीय सौर यानासाठी केलेली ‘सूट’ ही दुर्बीण 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये बघते. तो बहुतांश प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, तेव्हा त्या चित्रांचे रंगही दिलेलेच. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत 1904 पासून व्हाइट लाइटच्या आणि 1912 पासून एच-अल्फाच्या फोटोंच्या काचपट्ट्या वेगवेगळ्या घेतल्या जात होत्या. दोन्ही कृष्णधवल, तरी कुणी एकीला दुसरी समजलं नसतं, कारण फरक रंगात नाही, थरात आहे.

किंमत आणि वजनाचा फरक दुकानदार सांगेलच. फिल्म स्वस्त, एच-अल्फा दुर्बीण खिसा रिकामा करणारी.

हवेपुढे मात्र दोन्ही सारखीच हतबल. मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर नऊ वाजले की सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याचसाठी, पाण्यावरची हवा कमी तापते. आपल्याला मेहरूण तलावाचा काठ आहे. सातला पोचा, आधी फिल्म लावून डाग घ्या, मग एच-अल्फा. आणि एक प्रत तरी राखाडीच ठेवा, मला तीच दाखवा.