कचऱ्याखालचा मिथेन: हिशेब आधी, मोजणी नंतर

कचरा शास्त्रशुद्ध पुरण्याची आजची पद्धत अमेरिकेतल्या फ्रेस्नोमध्ये १९३७ साली रुळली. चर खणायचा, कचरा टाकून दाबायचा आणि रोज मातीने झाकायचा. उंदीर, माश्या, धूर, सगळ्यांवर एकच उतारा! पण झाकलेल्या कचऱ्याला हवा मिळेना आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे फावले. त्यांनी कुजवलेल्या कचऱ्यातून जो वायू निघतो, त्यात साधारण निम्मा मिथेन, म्हणजे पेटणारा आणि वातावरण तापवणारा वायू, असतो.

सुरुवातीला या वायूची भीती होती ती स्फोटाची. इंग्लंडमधल्या लोस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी हवेचा दाब झपाट्याने उतरला. तसा जुन्या खाणीत पुरलेल्या कचऱ्याचा वायू खडकाच्या भेगांतून सरकत शेजारच्या बंगल्याखाली साचला, पेटला आणि घर जमीनदोस्त झाले. आतले तिघे जखमी झाले. त्यामुळे देखरेख म्हणजे हद्दीवर बोअर मारून वायू बाहेर जातोय का ते पाहणे, एवढाच अर्थ बराच काळ रूढ होता. वर आकाशात किती जातो, याची फिकीर कुणाला नव्हती.

अमेरिकेने १९९६ मध्ये मोठ्या कचराभूमींना विहिरी, म्हणजे भोके पाडलेले उभे पाइप, घालून वायू ओढणे आणि जाळणे सक्तीचे केले. दर तीन महिन्यांनी माणूस वायूमापकाची नळी जमिनीलगत धरून ढिगावर नागमोडी चालतो. मिथेन ५०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) वर गेला की दुरुस्ती. मात्र तीव्र उताराच्या धोकादायक जागा वगळता येतात. ताजा कचरा जिथे पडतो आणि यंत्रे फिरतात, तिथेही हा माणूस सहसा जात नाही. गंमत म्हणजे नेमकी तीच जागा उघडी असते.

वार्षिक उत्सर्जनाचा आकडा तर मोजलेला नसतोच. किती टन पुरले, किती वेगाने कुजेल, यावरून तो गणिताने काढतात. या गणिताला धक्का वरून बसला. २०२२ मध्ये ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबईतल्या कचराभूमींवरचे मिथेनचे लोट उपग्रहांनी टिपल्याचा अभ्यास आला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या २००हून अधिक कचराभूमींची विमानातून पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक ठिकाणी लोट दिसले आणि उत्सर्जन कचराभूमींनी सरकारला कळवलेल्या आकड्यांच्या सरासरी १.४ पट निघाले.

तरी विहिरींचा जोर नुसता वाढवून भागत नाही. जास्त ओढले की बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतून धुमसू लागतो. म्हणून प्रत्येक विहिरीचा व्हॉल्व्ह आजही ऑक्सिजन आणि तापमान पाहत थोडा थोडा फिरवावा लागतो.