टेस्ट नावाचा फोल्डर असला की चाचणी का होत नाही?

फोल्डरला काहीही नाव द्या, कॉम्प्युटरला काय त्याचं! इंदूरला भंवरकुआंच्या क्लासेसपासून सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसांपर्यंत नव्या प्रोग्रामरांचा हा समज असतो, आणि बरेच दिवस तो खपूनही जातो. पण सोर्स फाइलींपासून चालता प्रोग्राम तयार करणारी बिल्ड टूल्स नावावरूनच बरंच काही ठरवतात.

‘मेक’ हे त्यातलं जुनंजाणतं टूल. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत लिहिलं. काय कशापासून आणि कसं बनवायचं याचे नियम ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत लिहायचे. प्रोग्रामच्या चाचण्या चालवायला ‘मेक टेस्ट’ असा हुकूम दिला की ते आधी ‘टेस्ट’ नावाचं काही डिस्कवर आहे का ते बघतं. फाइल असो वा फोल्डर, त्याला दोन्ही सारखेच: एक नाव आणि शेवटच्या बदलाची वेळ. तुमच्या चाचण्या ‘टेस्ट’ फोल्डरातच असतील आणि नियमात ते कशावरही अवलंबून आहे असं लिहिलं नसेल, तर मेकच्या मते काम आधीच झालेलं आहे. ‘टेस्ट इज अप टू डेट’ असं सांगून ते मोकळं होतं. एकही चाचणी झालेली नसते. मेकफाइलमध्ये ‘.फोनी: टेस्ट’ ही ओळ घातली की हे नाव डिस्कवर शोधायचं नाही, हे त्याला कळतं.

खरी मजा फोल्डरच्या वेळेत आहे. आतल्या फाइलीतला मजकूर जागच्या जागी बदलला तर फोल्डरची वेळ हलत नाही. आत नवी फाइल आली, गेली किंवा तिचं नाव बदललं, तरच हलते. आता समजा ‘मेन.ओ’ आणि ‘बिल.ओ’ या कम्पाइल होऊन, म्हणजे सोर्सचं मशीनच्या भाषेत रूपांतर होऊन बनणाऱ्या दोन्ही फाइली ‘बिल्ड’ फोल्डरात तयार होतात आणि दोन्ही त्या फोल्डरवर अवलंबून आहेत असं तुम्ही लिहिलंत. मेन.ओ १० वाजून १ सेकंदाला तयार झाली, बिल.ओ चौथ्या सेकंदाला आली. तिच्या येण्याने फोल्डरची वेळही चौथ्या सेकंदावर गेली. म्हणजे मेन.ओ फोल्डरपेक्षा जुनी ठरली, आणि जी ज्यावर अवलंबून त्याहून जुनी, ती फाइल मेक पुन्हा बनवतं! पुढच्या वेळी एक अक्षर न बदलताही ती पुन्हा कम्पाइल होणार. ग्नू मेक या मेकच्या आवृत्तीत यावर उपाय आहे: नियमात फोल्डरचं नाव उभ्या रेघेनंतर (|) लिहायचं. मग फोल्डर असल्याची खात्री केली जाते, वेळ बघितली जात नाही.

अशा वेळी ‘सगळं क्लीन करून (तयार झालेल्या फाइली पुसून) परत बिल्ड मार’ हा उतारा सर्रास सुचवला जातो. त्याने दोष तात्पुरता झाकतो, इतकंच. ‘मेक --ट्रेस’ चालवा. कोणती फाइल कशामुळे पुन्हा बनली ते छापून येतं.

नावातली मोकळी जागाही मेकला चालत नाही. ‘सराफा हिशोब’ हा फोल्डर त्याला दोन वेगळी नावं वाटतात आणि ‘सराफा’ बनवायचा नियम नाही म्हणून ते अडून बसतं.

इतरांच्या तऱ्हा वेगळ्या. मेव्हन हे जावाचं बिल्ड टूल, वेगळं सांगितलं नाही तर, कोड ‘एसआरसी/मेन/जावा’ मध्येच शोधतं. गो या भाषेचं टूल ‘टेस्टडेटा’ आणि अंडरस्कोरने सुरू होणारे फोल्डर वगळतं. अँड्रॉइडमध्ये मराठी मजकूर ‘व्हॅल्यूज-एमआर’ मध्ये जातो.

कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ मात्र सगळ्यांकडे होतो. विंडोजवर कॅपिटल ‘यू’चा ‘यूटिल्स’ आणि स्मॉल ‘यू’चा ‘यूटिल्स’ एकच. लिनक्स सर्व्हरवर ते दोन वेगळे फोल्डर, आणि बिल्ड तिथेच पडतं. नाव सुधारताना आधी ‘यूटिल्स२’ करून कमिट करा (बदलाची नोंद करा), मग हवं ते नाव देऊन दुसरं कमिट करा.