चेन कडक का करायची नाही, यामागची जुनी भानगड

घरी मोटरसायकलची चेन अ‍ॅडजस्ट करायला बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो, एवढी ढील सोडायची कशाला, सरळ ओढून घट्ट केली तर काय बिघडलं? याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये नीट मिळत नाही, तिथे फक्त आकडा असतो.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना मुळात चेनच नव्हती. १८८५ च्या डाइमलरच्या लाकडी गाडीला पट्टा होता आणि १८९४ च्या हिल्डेब्रांड-वोल्फम्युलरमध्ये तर पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले, म्हणजे चाक हेच फ्लायव्हील (इंजिनची गती एकसारखी ठेवणारं जड चाक). पुढे बराच काळ चामड्याचा पट्टाच चालला. पावसात तो सटकायचा, ताणला की तुकडा कापून परत जोडायचा, हेच त्या काळचं अ‍ॅडजस्टमेंट. चेन काही नवीन नव्हती, हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० सालीच बुश-रोलर चेन काढली होती, कापड गिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा एक छोटा धंदा विकत घेऊन त्याने सुरुवात केली होती. आधीच्या चेनमध्ये सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडेवर यायचा, त्याने मध्ये बुश (पिनभोवतीची छोटी नळी) घातलं आणि तो भार पिनच्या लांबीभर पसरला. तरी मोटरसायकलवाले पट्टाच धरून बसले, कारण क्लच नसलेल्या सिंगल सिलिंडरचे धक्के पट्टा थोडा सरकून पचवायचा, चेन ते तसेच चाकापर्यंत पोचवायची. १९११ च्या आइल ऑफ मॅन टीटी या मोटरसायकल शर्यतीत चेन आणि दोन गिअर असलेल्या, ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांनी सीनिअर रेसमध्ये पहिले तिन्ही नंबर पटकावले, मग मात्र वारं फिरलं.

तेव्हा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा असायचा. इंजिन ते गिअरबॉक्स एक चेन, तिथून चाकापर्यंत दुसरी, आणि पहिली टाइट करायला अख्खा गिअरबॉक्स मागे सरकवायचा, की दुसरी ढिली, मग चाक मागे घ्या, मग ब्रेकचा रॉड परत जुळवा. आपण आज एक्सल नट सैल करून दोन बोल्ट फिरवतो आणि कुरकुरतो! इंजिन-गिअरबॉक्स एका केसिंगमध्ये आले तशी ही कटकट संपली.

पण ढिलीचा खरा मामला मागच्या सस्पेन्शनचा आहे. जुन्या गाड्यांचं मागचं चाक फ्रेमला पक्कं, त्यामुळे चेनचं अंतर बदलतच नव्हतं, एखादा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किंचित अंडाकृती फिरला तर तेवढ्यापुरती ढील पुरायची. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा) सगळीकडे आला आणि त्याचा पिव्होट, म्हणजे तो ज्याभोवती हलतो तो खिळा, पुढच्या स्प्रॉकेटच्या केंद्रावर नसतो, थोडा मागे असतो, म्हणून चाक वरखाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर कमी-जास्त होतं. पुढचा स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली. ढील मोजतो ती या क्षणासाठी राखून ठेवलेली जागा. ती नसेल तर खड्ड्यात किंवा मागे माणूस बसल्यावर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, म्हणून माझ्या मते जरा ढिली चेन परवडली, कडक नको. मातीतल्या लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त ढील सांगतात तीही याचमुळे.

आणि चेन ‘लांबते’ म्हणतो तेव्हा पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक जोडात केसभर, पण शंभरेक जोडांची बेरीज होते. जुने लोक चेन काढून गरम ग्रीसमध्ये बुडवायचे ते तेल आत पिनपर्यंत जावं म्हणून. १९६९ च्या होंडा सीबी७५० ला तर चेनवर आपोआप तेल सोडायची सोय होती, चाक आणि मागचा भाग तेलकट व्हायचा तो वेगळाच. पुढे सत्तरच्या दशकात ओ-रिंग (प्रत्येक जोडातल्या रबरी कड्या) आल्या, ग्रीस आतच सील झालं, झीज एकदम मंदावली. आता ल्यूब मारतो ते रोलरसाठी, गंज लागू नये आणि रबर सुकू नये म्हणून, आणि म्हणूनच अशा चेनला पेट्रोलने धुऊ नये, तारेचा ब्रशही नको. टाइट करायची पाळी कमी वेळा येते एवढंच, ढिलीचा आकडा मात्र सीलबंद चेनलाही सोडून चालत नाही कारण स्विंगआर्म तोच आहे.